सूज दिसते, दाब दिसत नाही

सकाळी उठल्यावर एका डोळ्यासमोर धुकं असतं. तोंड धुतलं, चहा झाला, डबे भरून झाले तरी ते हटत नाही. दहा-अकराच्या सुमारास निवळू लागतं आणि दुपारपर्यंत इतकं स्वच्छ दिसतं की सकाळची तक्रार कुणाला सांगावी असंही वाटत नाही. रात्री रस्त्यावरच्या दिव्यांभोवती रंगीत वलयं दिसतात, तीही त्याच डोळ्याला. संध्याकाळी चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर तपासला तर तो जवळपास जुनाच निघतो. मग कधीतरी नवऱ्याच्या किंवा बहिणीच्या लक्षात येतं की त्या डोळ्याची बाहुली मधोमध नाही, जराशी एका बाजूला ओढली गेली आहे.

धुकं, वलयं आणि सरकलेली बाहुली या तीन वेगवेगळ्या तक्रारी वाटतात. त्यांचं मूळ डोळ्याच्या आतल्या एकाच थरात असू शकतं, आणि तसं असेल तर त्या आजाराला चँडलर सिंड्रोम म्हणतात. आजार दुर्मीळ आहे. बहुतेक वेळा तो वीस ते पन्नास या वयातल्या स्त्रियांना आणि एकाच डोळ्याला होतो. आईवडिलांकडून येत नाही, मुलांकडे जात नाही, घरात कुणाला लागत नाही. यात डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, सुजतो आणि रुग्णाचं सगळं लक्ष त्या सुजेकडे लागतं. माझ्या मते या आजाराची गोम तिथेच आहे. रुग्णाला जे जाणवतं ते बहुतांशी दुरुस्त होण्यासारखं असतं. जे दुरुस्त होत नाही, ते तिला जाणवतच नाही. हे नीट समजायचं तर आधी कॉर्निया स्वच्छ राहतो कसा, ते पाहायला हवं.

मराठी पाठ्यपुस्तकात कॉर्नियाला पारपटल म्हणतात. बुबुळाचा काळा-तपकिरी रंग आपल्याला दिसतो तो याच्या आरपार. रुंदी साधारण साडेअकरा मिलिमीटर, मध्यावरची जाडी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचं सुमारे दोन तृतीयांश काम हा पातळ पडदाच करतो; उरलेलं आतलं भिंग. त्याच्यात रक्तवाहिन्या नसतात, कारण असत्या तर त्यांचं जाळं कायम नजरेच्या आड आलं असतं.

कॉर्नियाच्या जाडीतला सुमारे ९० टक्के भाग स्ट्रोमा नावाच्या थराचा. तो कोलॅजनच्या तंतूंनी बनलेला असतो. आता गंमत अशी की डोळ्याचा पांढरा भागही कोलॅजनचाच असतो. माल एकच, मग एकातून आरपार का दिसतं आणि दुसऱ्यातून का नाही? डेव्हिड मॉरिस या शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये याचा उलगडा मांडला. कॉर्नियातले तंतू अतिशय बारीक, सारख्या जाडीचे आणि एकमेकांपासून जवळजवळ सारख्या अंतरावर असतात. एका तंतूवरून आडवातिडवा विखुरणारा प्रकाश शेजारच्या तंतूंवरून विखुरणाऱ्या प्रकाशाला रद्द करतो आणि सरळ पुढे जाणारा तेवढा शिल्लक राहतो. पांढऱ्या भागात तंतू लहानमोठे आणि वेडेवाकडे, म्हणून तिथे हा हिशेब जुळत नाही. कॉर्नियातही तंतूंमधली अंतरं बिघडली की तो जुळेनासा होतो आणि धूसर दिसू लागतं.

अंतरं बिघडवायला पाणी पुरतं. स्ट्रोमात तंतूंच्या मधे पाणी ओढून घेणारी द्रव्यं भरलेली असतात. डोळ्यापासून वेगळा केलेला कॉर्निया नुसता पाण्यात ठेवला तर तो फुगून कित्येक पट जाड होतो आणि पांढरा पडतो. जिवंत डोळ्यात तर त्याच्या मागे सतत द्रव भरलेलाच असतो. कॉर्निया आणि रंगीत पडदा, म्हणजे आयरिस, यांच्या मधल्या कप्प्यात ॲक्वियस नावाचा पाण्यासारखा द्रव खेळत असतो आणि तोही दाबाखाली. म्हणजे कॉर्निया कोरडा राहण्यासारखी परिस्थिती मुळात नाहीच. तो कोरडा ठेवला जातो, आणि ते काम अखंड चालू असतं.

हे काम एंडोथेलियम करतं. कॉर्नियाच्या सगळ्यात आतल्या बाजूला असलेला हा थर एका पेशीइतकाच जाड, सुमारे ५ मायक्रॉन. पेशी षटकोनी, एकमेकींना चिकटून बसलेल्या. त्यांच्या मधल्या फटी मुद्दाम पूर्ण बंद नसतात. रक्तवाहिन्या नसल्यामुळे कॉर्नियाला साखर आणि इतर पोषण ॲक्वियसमधूनच मिळतं, त्यासाठी थोडी गळती हवीच. पण त्या गळतीबरोबर पाणीही आत येतं. ते परत बाहेर काढायला या पेशींच्या भिंतींवर सोडियम आणि इतर क्षार ढकलणारे पंप असतात. क्षार बाहेर गेले की त्यांच्या मागोमाग पाणी जातं. एकीकडून गळतंय, दुसरीकडून उपसलं जातंय, आणि दोन्हींचा तोल राखून कॉर्नियाची जाडी कायम राहते.

जन्माच्या वेळी या पेशी एका चौरस मिलिमीटरमध्ये चार हजारांच्या आसपास असतात. मोठ्या माणसात अडीच-तीन हजार. दर वर्षी साधारण अर्ध्या टक्क्याहून थोड्या जास्त कमी होत जातात, पण नव्या तयार होत नाहीत, कारण माणसाच्या डोळ्यात एंडोथेलियमच्या पेशी विभागून वाढत नाहीत. एखादी मेली की शेजारच्या पसरून तिची जागा भरून काढतात. एवढी मोठी शिल्लक असल्यामुळे बहुतेकांना ती जन्मभर पुरते. चौरस मिलिमीटरमागे पाचशेच्या आसपास पेशी उरल्या की मात्र उपसा कमी पडू लागतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी काही रुग्णांच्या पेशी मोजतात ते यासाठीच.

सकाळच्या धुक्याचं कारणही इथेच सापडतं. दिवसा डोळे उघडे असतात, त्यामुळे अश्रूंचं पाणी हवेत उडत राहतं, पृष्ठभागावरचे अश्रू थोडे खारट होतात आणि कॉर्नियातलं पाणी पुढच्या बाजूनेही ओढलं जातं. झोपेत पापण्या मिटलेल्या असतात, बाष्पीभवन थांबतं आणि प्राणवायूही कमी मिळतो. म्हणून निरोगी डोळ्याचा कॉर्नियासुद्धा रात्रीत तीन-चार टक्के जाड होतो. उठल्यावर काही वेळात तो पूर्ववत होतो, आपल्याला पत्ता लागत नाही. ज्याच्या पंपांची ताकद कमी झाली आहे, त्या डोळ्याला मात्र रात्रीचं पाणी उपसायला अर्धा दिवस लागतो. म्हणूनच ‘धूसर दिसतं’ एवढं सांगून थांबू नये. ‘सकाळी जास्त धूसर दिसतं, नंतर सुधारतं’ असं सांगावं. या एका वाक्याने डॉक्टरांचं लक्ष थेट एंडोथेलियमकडे जातं. संध्याकाळची अपॉइंटमेंट घेणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचं, कारण तोवर पुरावा वाळून गेलेला असतो.

पॉल चँडलर हे बोस्टनचे काचबिंदूतज्ज्ञ. १९५६ मध्ये त्यांनी अशा रुग्णांचं वर्णन छापलं ज्यांच्या डोळ्यात चार गोष्टी एकत्र होत्या: आयरिस विरळ झालेली, एंडोथेलियम बिघडलेलं, कॉर्निया सुजलेला आणि काचबिंदू. डोळ्यातला दाब फारसा वाढलेला नसतानाही या रुग्णांचा कॉर्निया सुजतो, हे त्यातलं लक्षणीय निरीक्षण होतं. निरोगी एंडोथेलियम बराच वाढलेला दाबही सहन करतं. इथे ते करत नव्हतं, म्हणजे दोष दाबाआधी एंडोथेलियममध्येच होता.

चँडलर यांच्या आधी आणि नंतर इतरांनी थोडी वेगळी चित्रं नोंदवली होती. कुणाच्या रुग्णांच्या आयरिसला चक्क भोकं पडली होती, तर १९६९ मध्ये कोगन आणि रीझ यांनी आयरिसवर बारीक तपकिरी गाठी आलेले रुग्ण दाखवले. हे वेगवेगळे आजार समजले जात. आयरिस झिजते त्या अर्थी तिचा रक्तपुरवठा कमी पडत असावा, असाही एक तर्क होता. १९७८ मध्ये डेव्हिड कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सगळं उलटं करून मांडलं: आयरिस आजारी नाहीच, तिला कॉर्नियाकडून ओढलं जातंय. पुढच्याच वर्षी मायरन यानॉफ यांनी तिन्ही प्रकार एका नावाखाली आणले, इरिडोकॉर्नियल एंडोथेलियल सिंड्रोम. डॉक्टर थोडक्यात ‘आइस’ म्हणतात. चँडलर हा त्यातला असा प्रकार, ज्यात आयरिस फारशी बिघडत नाही पण कॉर्नियाची सूज ठळक असते.

ओढलं जातंय म्हणजे काय? एंडोथेलियमच्या काही पेशी आपली ओळख बदलतात. त्या वरच्या कातडीच्या पेशींसारख्या वागू लागतात, त्यांच्यावर बारीक लव येते, त्यांची उपसण्याची ताकद जाते, आणि ज्या पेशींनी जन्मभर जागेवर बसून राहायचं त्या सरकू लागतात. कॉर्नियाच्या कडेपर्यंत जाऊन त्या थांबत नाहीत. कॉर्निया आणि आयरिस जिथे मिळतात तो कोपरा ओलांडून त्या आयरिसवर पसरतात आणि जाताना मागे एक पातळ पडदा तयार करतात. हा पडदा नंतर आकसतो. आकसताना आयरिसची कड कॉर्नियाकडे ओढली जाते आणि तिथे चिकटते. बाहुली त्या बाजूला सरकते आणि विरुद्ध बाजूची आयरिस ताणून विरळ होते. सकाळचं धुकं आणि सरकलेली बाहुली यांचा संबंध हा असा आहे.

पेशी अशा का वागू लागतात, यावर नागिणीच्या कुळातल्या विषाणूंवर संशय घेतला गेला आहे. १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या होर्हे अल्वाराडो यांच्या गटाला अशा रुग्णांच्या बऱ्याच कॉर्नियांमध्ये हर्पीस सिंप्लेक्स विषाणूचा डीएनए सापडला. आजार एकाच डोळ्याला, मोठेपणी आणि घराण्यात नसताना होतो, याच्याशी हा संशय जुळतो. पण हा विषाणू जगात असंख्य लोकांच्या अंगात आयुष्यभर मुक्कामाला असतो आणि आजार मोजक्यांनाच होतो, त्यामुळे गुन्हा सिद्ध झाला असं म्हणता येत नाही. विषाणूविरोधी औषधांनी हा आजार बरा होतो, असंही दिसलेलं नाही.

आता त्या कोपऱ्याकडे वळू, कारण खरा धोका तिथे आहे. ॲक्वियस हा द्रव डोळ्यात सतत तयार होतो, मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर, आणि तेवढाच या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून बाहेर पडतो. येणं-जाणं सारखं असलं की डोळ्यातला दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान राहतो. सरकत आलेल्या पेशींनी जाळी झाकली किंवा चिकटलेल्या आयरिसने कोपरा बुजवला की बाहेरचा रस्ता अडतो आणि दाब चढतो. हा दाब डोळ्याच्या मागच्या बाजूला नेत्रमज्जेवर, म्हणजे डोळा आणि मेंदू जोडणाऱ्या मज्जातंतूवर, पडतो. तिच्यात दहा-बारा लाख तंतू असतात. ते एकेक करून मरतात आणि मेलेला तंतू परत येत नाही. हाच काचबिंदू. आइस सिंड्रोमच्या वेगवेगळ्या अभ्यासांत निम्म्यापासून चार पंचमांशापर्यंत रुग्णांना काचबिंदू झालेला आढळतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये २०३ भारतीय रुग्णांमधल्या याच काचबिंदूवर अभ्यास प्रसिद्ध केला. इतक्या दुर्मीळ आजारासाठी ही संख्या मोठी आहे.

वाढलेला दाब दुखत नाही. निदान हळूहळू वाढलेला तरी नाही. नजर आधी कडेकडेने जाते, आणि दुसरा डोळा ती उणीव भरून काढत असल्याने कित्येक वर्षं कळत नाही. आणि वाढलेला दाब कॉर्नियात जास्त पाणी रेटतो, त्यामुळे सूज वाढते. म्हणजे सुजेने दाबाची बातमी द्यायला हवी. ती देतेही, पण आपण ती सुजेची बातमी म्हणून वाचतो.

यात आणखी एक फसगत आहे. दाब मोजायचं प्रचलित यंत्र, गोल्डमनचं टोनोमीटर, कॉर्निया थोडासा सपाट करायला किती जोर लागतो यावरून दाब ठरवतं. पाण्याने भिजून मऊ झालेला कॉर्निया कमी जोरात सपाट होतो, त्यामुळे यंत्र दाब खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. नेमकं ज्या सकाळी डोळा सुजलेला आहे, त्या सकाळचा ‘प्रेशर नॉर्मल आहे’ हा निकाल संशयाने पाहावा लागतो. जाणते डॉक्टर अशा वेळी दुसऱ्या प्रकारचं उपकरण वापरतात, वेगवेगळ्या वेळी दाब मोजतात आणि आकड्यापेक्षा नेत्रमज्जेकडे जास्त लक्ष देतात: ओसीटी या स्कॅनवर तिच्या तंतूंची जाडी, आणि बटण दाबून करायची ती कंटाळवाणी फील्ड टेस्ट. ही टेस्ट रुग्णांना नकोशी वाटते. अंधाऱ्या खोलीत ठिपके शोधत बसणं कुणालाच आवडत नाही. पण या आजारात तिच्याइतकं खरं बोलणारं फार थोडं आहे.

निदानाकडे येऊ. स्लिट लॅम्पच्या प्रकाशात पाहिलं तर अशा कॉर्नियाच्या आतल्या पृष्ठभागावर बारीक खडबडीत चमक दिसते. इंग्रजी पुस्तकं तिला ठोकलेल्या चांदीची उपमा देतात. पुण्याच्या तांबट आळीत मठारलेल्या भांड्यावर उजेड कसा फुटून पडतो ते ज्याने पाहिलं आहे, त्याला वेगळं वर्णन नको. पुढची तपासणी स्पेक्युलर मायक्रोस्कोपी. डोळ्याला हात न लावता एंडोथेलियमचा फोटो निघतो आणि दोन मिनिटांत काम होतं. निरोगी पेशी या फोटोत उजळ आणि त्यांच्या कडा काळ्या दिसतात. आइसच्या पेशी नेमक्या उलट: पेशी काळी, कडा उजळ आणि मधे एक उजळ ठिपका. हे चित्र दिसलं की शंका जवळपास संपते. तिसरी तपासणी गोनिओस्कोपी, आरसा बसवलेलं भिंग डोळ्यावर टेकवून कोपऱ्यात डोकावणं. इथे एक सावधगिरी लागते. पारदर्शक पेशींचा थर जाळीवर पसरलेला असेल तर कोपरा उघडा दिसतो आणि दाब तरीही चढलेला असतो.

कॉर्नियाच्या सुजेची इतर कारणं जास्त नेहमीची आहेत, आणि चुकीचं लेबल बरेचदा तिथूनच लागतं. व्हिएन्नाच्या अर्न्स्ट फुक्स यांनी १९१० मध्ये वर्णन केलेल्या आजारातही सकाळी धूसर दिसतं, पण तो बहुधा पन्नाशीनंतर, दोन्ही डोळ्यांना आणि पुष्कळदा घराण्यात असतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पेशी कमी होऊन येणारी सूज वेगळी, कारण मागे शस्त्रक्रिया झालेली असते. नात्यातल्या लग्नांमधून जन्मलेल्या काही बाळांमध्ये जन्मतःच दोन्ही कॉर्निया धुरकट असतात, तो एका जनुकाचा दोष. तरुण किंवा मध्यमवयीन व्यक्ती, एकच डोळा, मार नाही, शस्त्रक्रिया नाही, असा मेळ जमला की चँडलरचा विचार करायचा. ‘चांगल्या’ डोळ्याचाही फोटो काढावा. तुलनेला तो लागतोच, शिवाय काही रुग्णांत त्यातही बारीक बदल दिसतात.

उपचारात मुळावर घाव घालता येत नाही. सरकणाऱ्या पेशी थांबवणारं औषध नाही. सुजेसाठी ५ टक्के सोडियम क्लोराइडचे थेंब दिवसा आणि त्याच औषधाचं मलम रात्री देतात. खारट थेंब कॉर्नियातलं पाणी पुढच्या बाजूने ओढून घेतात. थोडं चुरचुरतं. हे मिठाचंच पाणी आहे म्हणून घरी मीठ विरघळवून डोळ्यात घालू नये. त्यात ना प्रमाण असतं ना निर्जंतुकपणा. मध, गुलाबपाणी आणि शेजारच्या काकूंनी सांगितलेलं जे काही असेल तेही नको. सकाळी हेअर ड्रायर हातभर अंतरावर धरून त्याची कोमट हवा चेहऱ्यावरून दोन-चार मिनिटं जाऊ द्यावी, हा सल्ला मात्र डॉक्टरच देतात. ऐकायला गमतीदार, पण कारण साधं आहे: रात्री न उडालेलं पाणी लवकर उडतं. सूज फार वाढली तर कॉर्नियाच्या वरच्या कातडीखाली पाण्याचे फोड येतात. ते फुटले की असह्य दुखतं. तेव्हा डॉक्टर डोळ्यावर मलमपट्टीसारखी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स बसवतात.

या आजारात सूज कमी करण्याचा सगळ्यात उपयोगी मार्ग मात्र दाब कमी करणं हा आहे. दाब उतरला की कॉर्नियात रेटलं जाणारं पाणी कमी होतं आणि उरलेल्या पंपांना काम झेपतं. एकाच औषधाने धुकंही ओसरतं आणि नेत्रमज्जाही वाचते. ॲक्वियस कमी तयार व्हावा यासाठी टिमोलोलसारखे थेंब देतात. डॉर्झोलामाइड गटाचे थेंब पेशी फार कमी उरल्या असतील तर जपून वापरतात, कारण ते एंडोथेलियमच्या पंपातही थोडी ढवळाढवळ करतात. बाहुली आक्रसवणारी जुनी औषधं आणि जाळीवरचा लेसर यांचा इथे फायदा होत नाही. जाळीच झाकलेली असताना तिला उत्तेजन देऊन काय होणार?

थेंब अनेकांना काही वर्षं पुरतात. नंतर शस्त्रक्रिया लागते. ट्रॅबेक्युलेक्टमी म्हणजे डोळ्याच्या भिंतीत नवी वाट करून द्रव कातडीखाली सोडणं. ही वाट बुजू नये म्हणून मायटोमायसिन-सी हे औषध लावतात. तरीही या आजारात ती पुन्हा बंद पडण्याचं प्रमाण जास्त, कारण त्या भटक्या पेशी नव्या वाटेवरही पसरतात. मग बारीक नळी बसवतात, जी द्रव मागच्या बाजूच्या पट्टीपर्यंत नेते. मदुराईच्या ऑरोलॅबने बनवलेली अशी नळी आपल्याकडे वापरली जाते आणि परदेशी नळ्यांपेक्षा बरीच स्वस्त पडते. एका शस्त्रक्रियेत प्रश्न कायमचा मिटेल असं वचन इथे कुणी देऊ नये आणि रुग्णाने तसं गृहीत धरू नये.

धुकं दिवसभर राहायला लागलं की कॉर्नियाच्या प्रत्यारोपणाची वेळ येते. यशस्वी झालेलं पहिलं मानवी कॉर्निया प्रत्यारोपण एडुआर्ड झिर्म यांनी ७ डिसेंबर १९०५ रोजी ओलोमोत्स इथे केलं, चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुरावर. पुढची नव्वदेक वर्षं पद्धत तीच राहिली: पूर्ण जाडीचा गोल तुकडा कापायचा, दात्याचा तसाच तुकडा बसवायचा आणि बारीक टाके घालायचे. आतला एक थर बिघडलेला असताना अख्खा कॉर्निया बदलणं हे जरा जास्तच होतं. नेदरलँड्सच्या गेरिट मेलेस यांनी १९९८ पासून फक्त मागचा भाग बदलण्याची वाट काढली. आज डीसेक पद्धतीत एंडोथेलियमबरोबर स्ट्रोमाचा पातळ पापुद्रा बसवतात, आणि डीमेक पद्धतीत त्याहूनही पातळ, १५ मायक्रॉनच्या आसपासची चकती. ती टाक्यांनी नाही, हवेच्या बुडबुड्याने जागेवर दाबून धरतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला छताकडे तोंड करून उताणं पडून राहावं लागतं. चँडलरच्या डोळ्यात आयरिस ठिकठिकाणी चिकटलेली असते आणि जागा अपुरी असते, तेव्हा डीमेक अवघड जातं. पुष्कळ सर्जन डीसेक पसंत करतात.

इथे नेत्रदानाविषयी एक गोष्ट सांगायला हवी. म्हातारी माणसं म्हणतात, आमचे डोळे आता कुणाच्या काय कामाचे. डीमेकसाठी पन्नाशीपुढच्या दात्याचे डोळेच बरे पडतात, कारण तरुण दात्याचा पापुद्रा काढल्यावर घट्ट गुंडाळला जातो आणि डोळ्यात उलगडता उलगडत नाही. पेशी चांगल्या असतील तर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले डोळेही चालू शकतात. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. तोवर पंखा बंद ठेवायचा, मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवायचा आणि डोकं उशीवर थोडं उंच ठेवायचं. नेत्रदानासाठी १९१९ हा क्रमांक आहे.

पेशीच वाढवून डोळ्यात सोडण्याचा प्रयोगही झाला आहे. क्योटोच्या शिगेरू किनोशिता यांच्या गटाने २०१८ मध्ये ११ रुग्णांचे निकाल प्रसिद्ध केले. प्रयोगशाळेत वाढवलेल्या दहा लाख पेशी इंजेक्शनने सोडल्या आणि रुग्णांना तीन तास पालथं झोपवलं, म्हणजे पेशी वजनाने खाली जाऊन कॉर्नियाला चिकटतील. सगळ्यांचे कॉर्निया सुधारले. २०२३ मध्ये जपानने हा उपचार मान्य केला. चँडलरच्या रुग्णांनी मात्र यावर लगेच आशा बांधू नये, कारण नव्या पेशींच्या शेजारी जुन्या भटक्या पेशी तशाच असणार.

प्रत्यारोपणानंतर कॉर्निया स्वच्छ होतो, सकाळ स्वच्छ होते, आणि पुष्कळ रुग्ण काचबिंदूच्या तपासण्या इथेच सोडून देतात. त्यांच्यासाठी तपासण्यांची खरी निकड इथूनच वाढते. शरीराने नवा कॉर्निया नाकारू नये म्हणून स्टेरॉइडचे थेंब दीर्घकाळ द्यावे लागतात, आणि स्टेरॉइडने काही डोळ्यांत दाब वाढतो. दाबासाठी नळी बसवलेली असेल तर तिच्यामुळे नव्या कॉर्नियाच्या पेशी लवकर झिजतात. एका डॉक्टरांचं औषध दुसऱ्या डॉक्टरांच्या कामात अडथळा आणतं, म्हणून कॉर्नियाचे आणि काचबिंदूचे तज्ज्ञ एकाच रुग्णालयातले, किंवा निदान एकमेकांशी बोलणारे असावेत. दर भेटीला दोन्ही डोळ्यांच्या दाबाचे आकडे तारखेसह आणि मोजल्याच्या वेळेसह लिहून घ्यावेत. जुन्या फील्ड टेस्टचे कागद फेकू नयेत. ताज्या कागदावरून डोळा आज कुठे आहे ते कळतं, पण तो किती वेगाने खाली चालला आहे ते कळायला पाच वर्षांपूर्वीचा कागदच लागतो.